डब्यातलं कच्चं तेल

माझ्या मस्तुराला पहिला मुलगा झाला आणि त्याचा पाळणा रीतीप्रमाणे आजोळहून, म्हणजे माझ्याकडून, जायचा होता, ते वर्ष सत्त्याहत्तरचं. एप्रिलची एकोणीस तारीख, मंगळवार. चोर्सूच्या बाजारात सुताराशी घासाघीस करून मी पाळणा घेतला. त्याच्या पायांवरचा लाल-पिवळा रंग अजून सुकला नव्हता, म्हणून सुताराने पायांना वर्तमानपत्र गुंडाळलं आणि मोठ्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाला, "ओपा, मांडीवर घेऊ नका, नाहीतर रंग लागेल आणि जावई तुम्हालाच नवी नवरी समजेल." मी ट्राममध्ये खिडकीशी बसले. पाळणा गुडघ्यांसमोर आडवा, त्यावर माझे दोन्ही हात. दोन थांबे गेले आणि माझी नजर पाळण्याच्या पायाकडे गेली. वर्तमानपत्रात एक छायाचित्र होतं. आधी मला त्यातला माणूस दिसला नाही, डबा दिसला. पाच लिटरचा रंगाचा डबा, आता पांढराशुभ्र रंगवलेला. त्याचा एक कान बाहेरच्या बाजूला वाकडा होता. तो कान मी पक्कडीने वाकवला होता, एकोणसाठ साली, कडी नीट बसावी म्हणून. मग मी बोट ठेवून वाचायला लागले. मी अक्षरं चाळिशीत शिकले, अजून बोट लागतं. छायाचित्राखाली नाव होतं, योदगोर इस्मातोविच, मुख्य अभियंता. आज दुपारी बारा वाजता मंत्रालयाच्या पाहुण्यांसमोर ते आपला प्रसिद्ध तेलाचा डबा स्वतः चालवून दाखवणार होते, आणि त्यानंतर त्यांना 'मानाचे संशोधक' ही पदवी मिळणार होती. अंक त्याच दिवशीचा होता. शेजारच्या बाईने विचारलं, "काय वाईट बातमी आहे का, ओपा?" मी म्हटलं, "नाही हो, ओळखीचा माणूस आहे."

ओळखीचा. वीस वर्षं मी त्याच्या कारखान्यात होते. पहिली चार वर्षं फरशी पुसायला आणि नंतरची सोळा चाचणीच्या दालनात. आमच्या कारखान्यात रेडिओचे प्रक्षेपक बनायचे. बनलेला प्रक्षेपक चालवून बघायचा तर त्याची ताकद कुठेतरी सोडावी लागते. खऱ्या अँटेनात सोडली तर सगळ्या शहराच्या रेडिओवर घरघर ऐकू येईल, म्हणून ती सोडायची काळ्या कांड्यांमध्ये. कागदात त्यांना रेझिस्टर म्हणत, आम्ही बायका कांड्या म्हणायचो. कांडी ती ताकद खाऊन टाकते आणि नुसती तापते. तेवढंच तिचं काम. एकोणसाठ साली नवे प्रक्षेपक आले, दांडगे, आणि कांड्या जळायला लागल्या. एक कांडी लाल व्हायची, मग पांढरी, मग तडकायची, आणि दालनात जळलेल्या पिसासारखा वास पसरायचा. नव्या कांड्या लेनिनग्राडहून यायच्या आणि वर्षाला ठरावीकच यायच्या. अभियंते पंखे लावून बघत होते. मी फडकं घेऊन कोपऱ्यात उभी होते आणि मला त्या पंख्यांचं हसू येत होतं. कोरड्या कढईत मांस टाकलं तर ते एका बाजूने करपतं आणि दुसऱ्या बाजूने कच्चं राहतं. कितीही फुंका, काही होत नाही. तेलात टाकलं तर तेल सगळीकडून आच घेतं, वर चढतं, गार होऊन पुन्हा खाली येतं. यात शिकण्यासारखं काय आहे? घरात चूल असलेल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. एका दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी जळायला आलेल्या चार कांड्या रंगाच्या रिकाम्या डब्यात तारेने टांगल्या आणि खानावळीच्या स्वयंपाक्याकडून सरकीचं काळं तेल आणून ओतलं. परत आल्यावर योदगोर माझ्यावर ओरडला. तेव्हा तो पस्तिशीचा होता, नवा लांब कोट घालायचा. पण कुतूहल होतं त्याला, हे मी नाकारणार नाही. त्याने डब्याला तारा जोडल्या आणि ताकद सोडली.

पहिल्या वेळी तेल तडतडलं आणि उसळलं. माझ्या डाव्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे, जर्दाळूच्या पानाएवढा. योदगोर म्हणाला, "संपलं! ओपा, जा, फरशी पुसा." मी म्हटलं, "अहो, तेल कच्चं आहे. कच्च्या तेलात कोणी काही टाकतं का? तुमच्या आईने तुम्हाला एवढंही दाखवलं नाही?" दालनातले दोघे-तिघे हसले. सरकीचं तेल आधी कढवतात. पांढरा धूर निघेपर्यंत, तडतड पूर्ण थांबेपर्यंत. आत एक सोललेला कांदा टाकतात, तो काळा होऊन कडवटपणा आणि पाणी दोन्ही ओढून घेतो. मग तेल शहाणं होतं. मी कारखान्यामागच्या अंगणात कढई ठेवून ते कढवलं, रात्रभर निवू दिलं आणि दुसऱ्या दिवशी डब्यात भरलं. आधी जेवढ्या ताकदीत कांड्या जळत होत्या तिच्या चौपट ताकद त्याच कांड्यांनी तासभर खाल्ली. डब्यावर हात ठेवला तर पोळत होता, बाकी काही नाही. योदगोरने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "ओपा, तुम्ही जादूगार आहात." त्या काळी कारखान्यात सुधारणेचा प्रस्ताव लिहिण्याची पद्धत होती. ज्याने सुधारणा सुचवली त्याचं नाव, चौकट, प्रशस्तिपत्र, भिंतीवर फोटो. मला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याने लिहिलं. लिहिताना मान वर करून तो म्हणाला, "कांद्याचं लिहू का? अकादमीवाले हसून मरतील हो." मी म्हटलं, "मग नका लिहू. पण कढवायचं लिहा." तो म्हणाला, "बघतो." मग त्याने एक कागद पुढे केला आणि मी अंगठा उठवला. शाई निळी होती. घरी जाऊन मी तो अंगठा तीन दिवस घासला नाही.

अंगठ्याची गोष्ट मला दोन वर्षांनी कळली. एकसष्टमध्ये कारखान्याने संध्याकाळची शाळा काढली आणि मी मस्तुराचा जुना डबा घेऊन जायला लागले, आत पेन्सिल आणि एक भाकरी. मास्तरीण माझ्याहून सोळा वर्षांनी लहान होती, मला आई म्हणायची. पहिल्यांदा मी ट्रामच्या पाट्या वाचल्या, मग औषधाच्या बाटल्या, आणि मग एके दिवशी दालनातली चौकट. त्यात योदगोरचं नाव होतं आणि कारखान्याच्या संचालकाचं. तिसरं नाव नव्हतं. मी तीनदा वाचलं, कारण मला वाटलं मला वाचता येत नाही. मग फायलीत शोधलं. तोवर मला दालनात घेतलं होतं, फायली माझ्या हातच्या झाल्या होत्या. माझा अंगठा सापडला. निळा, पूर्ण, एकही रेष पुसलेली नाही. वर लिहिलं होतं: 'रंगाचा रिकामा डबा, एक, भांडारातून मिळाला.' त्या खोलीचा वास मला आजही येतो. धूळ आणि खळ. मी फाईल जागेवर ठेवली आणि खाली जाऊन कांड्या पुसल्या, एकेक, दोनदोनदा. राग आला असं नाही म्हणता येणार. राग येतो आणि जातो. हे काहीतरी बसायला आलं होतं, पाहुण्यासारखं, आणि त्याने आपली गादी आपणच घातली.

त्याच फाईलमध्ये त्याचा प्रस्तावही होता. मी तो पाठ केला. डबा असा, झाकण असं, झाकणात तापमापकाची खिडकी अशी, कांड्या तळापासून चार बोटं वर, तेल एवढं, वर एवढी मोकळी जागा. कढवायचं त्यात कुठेच नव्हतं. कांदा वगळताना त्याने कढवणंही वगळलं होतं, घाईत, किंवा त्याला ते बायकी वाटलं म्हणून. प्रस्ताव तीन कारखान्यांत गेला होता. तिकडे डबे उसळले असतील, आणि त्यांनी ते निमूट टाकून दिले असतील. आमचा मात्र चालायचा. कारण दर एप्रिलमध्ये तेल बदलायची वेळ आली की मी मागच्या अंगणात कढई मांडायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, खानावळीसाठी तळते आहे. पंधरा वर्षं. हे मी का केलं? त्याच्यासाठी नाही. ती एक ओळ माझी होती. त्याने सगळं घेतलं आणि ती ओळ खाली पडू दिली, आणि मी ती उचलून पदरात बांधली. दर वर्षी धूर पांढरा होताना मी मनात म्हणायचे, ज्या वर्षी मी नसेन त्या वर्षी तुझा कागद एकटा असेल. असं म्हटलं की छान झोप लागायची. नवरा वारला तेव्हाही मला त्या विचाराने झोप लागली होती.

छप्पन साली आलेली मी, आणि आदल्या उन्हाळ्यात माझं वय भरलं, मी निवृत्त झाले. त्यामुळे त्या एप्रिलमध्ये मी नव्हते. ट्राम कारखान्याच्या थांब्याशी आली तेव्हा मी उठले. उतरायचं ठरवलं असं नाही. गुडघे उठले. फाटकावर म्हातारा तुराब होता, एका डोळ्याने अधू. तो म्हणाला, "होसियत ओपा! पाळणा कुणाला? निवृत्त झाल्यावर बायका असे उद्योग करतात हे माहीत नव्हतं." मी म्हटलं, "तुझ्यासाठीच आणलाय, तू आता पुन्हा रांगायला लागलास म्हणून कळलं." तो हसून खोकला आणि फाटक उघडलं. दहा वाजले होते.

दालन धुतलेलं होतं. टेबलावर लाल कापड, त्यावर पाण्याचे पेले. मध्ये डबा. माझ्या जागी आता बशोरत होती, पंचवीस वर्षांची, दोन वेण्या, बोटांना शाई. ती धावत आली. "ओपा, बरं झालं आलात! सरांनी मला डब्याशी उभं राहायला सांगितलंय. तापमापक वाचून ओरडून सांगायचं." मी विचारलं, "तेल कधी भरलं?" "आज सकाळी. जुनं काळं दिसत होतं ना, सर म्हणाले पाहुण्यांना असलं काय दाखवायचं. अंगणातल्या पिंपातून नवं काढलं." ते पिंप मला ठाऊक होतं. त्याचं बूच मी असतानाच हरवलं होतं आणि सगळा हिवाळा त्यावर बर्फ पडलं होतं. मी बशोरतला म्हटलं, "जरा पाणी आण बाई, घसा कोरडा पडलाय." ती गेली. मी झाकण उचललं. तेल पिवळं नव्हतं, ढगाळ होतं, जव शिजवलेल्या पाण्यासारखं. वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडला, त्याची वात केली, तेलात बुडवली आणि काडीने पेटवली. तडतडली. बाजरीच्या लाह्यांसारखी तडतडली. मी ती पायाखाली विझवली आणि तुकडा कोटाच्या खिशात ठेवला. आता मला ठाऊक होतं आणि मीच एकटी होते जिला ठाऊक होतं. हे असं वाटतं हे मला आधी माहीत नव्हतं. हात अगदी गरम होतात.

मी सांगणार होते. हे मी कोणाला पटवण्यासाठी लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते. मी सांगणार होते, पण आधी त्याच्या तोंडून एक गोष्ट ऐकायची होती. तो आला. जाड झाला होता, केस पांढरे, छातीवर आधीच दोन बिल्ले. मनापासून हसला. "होसियत ओपा! वा! तुम्हाला बोलवायचं राहूनच गेलं, बघा. बसा, बसा. पुढच्या रांगेत बसा." मी म्हटलं, "बसते. एक विचारू का, योदगोर इस्मातोविच? पाहुण्यांना सांगाल का, डबा कोणाचा?" त्याला कळलं नाही. खरोखर कळलं नाही. मी त्याचा चेहरा बघत होते, त्यात कुठेही काही लपवलेलं नव्हतं. तो म्हणाला, "कारखान्याचा. अजून कोणाचा?" "पहिल्यांदा कोणी केला, ते." "अहो, सगळे होतो ना आपण. तुम्हीसुद्धा होता! तुम्ही काय सुंदर घासायचात डबे. मी आजही सांगतो पोरींना, होसियत ओपांसारखा डबा घासा." आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. विसरला होता. सोळा वर्षं मी जे उशाशी घेऊन झोपले, ते तो चोरतानाच विसरला होता, चोरलेलं आपलं आहे असं त्याला कधीपासून वाटत होतं कोण जाणे. चोर घाबरला तर त्याला माफ करता येतं. हा घाबरलाच नाही. मी म्हटलं, "तेलाचं काय? कागदात तेलाबद्दल काय लिहिलंय?" तो म्हणाला, "कागदात सगळं आहे ओपा. देशभर त्याच कागदावर चालतं." मी म्हटलं, "मग कागदाप्रमाणे करा."

एवढंच बोलले. तीन शब्द नीट, हळू. ते बोलताना माझ्या तोंडात मीठ असल्यासारखं वाटलं, चांगलं मीठ.

बशोरत पाण्याचा पेला घेऊन उभी होती. डब्याजवळ. तिच्या वेण्या खाली लोंबत होत्या, झाकणाच्या खिडकीवर वाकली असती तर त्या पुढे पडल्या असत्या. त्या क्षणी मला मास्तरणीच्या वेण्या आठवल्या, मला आई म्हणणाऱ्या. मी म्हटलं, "योदगोर इस्मातोविच, या पोरीला अर्धा तास द्या. हा पाळणा एकटीने ट्राममध्ये चढवता येत नाही हो मला." बशोरत गोंधळली. "पण ओपा, बारा वाजता मी इथे..." योदगोर उदारपणे हात हलवून म्हणाला, "जा, जा. नातवाचा पाळणा म्हणजे नातवाचा पाळणा. तापमापक मी वाचेन. उलट बरं दिसेल, संशोधक स्वतः वाचतोय." तो हसला. त्याच्या शेजारी उभा असलेला छायाचित्रकारही हसला आणि म्हणाला, "फोटोही जास्त चांगला येईल." मी पाळण्याचं एक टोक उचललं आणि बशोरतने दुसरं. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आम्ही दार ओलांडलं.

मी काय विचार करत होते? लोकांना वाटेल मी काहीच विचार करत नव्हते. मी फार विचार करत होते. मी त्याचा कोट बघत होते, मनात. नव्या कोटावर तेल उडेल, पाहुणे मागे सरतील, लाल कापडावर डाग पडतील, आणि तो म्हणेल असं कसं झालं, असं कसं झालं, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळणार नाही. मला ते हवं होतं, त्याला न कळणं. मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले आहे की मी फक्त कोटाचा विचार केला. पण ज्या बाईने स्वतःच्या मनगटावर ते तेल घेतलंय ती तोंडाचाही विचार करते. मी केला. रस्ता ओलांडताना केला, आणि तरी मागे वळले नाही. बशोरत बोलत होती. नातवाचं नाव काय ठेवलं, केस किती आहेत, जावई चांगला आहे का. मी म्हटलं, "चांगला आहे." ट्राम आली नाही. ती अर्धा तास आली नाही. त्या अर्ध्या तासात मी फाटकापर्यंत चालत जाऊन परत येऊ शकले असते, दोनदा. रस्त्याकडेच्या तुतींना नुकती पालवी फुटत होती आणि एक माणूस त्यांना पाणी घालत होता, बादलीने, अगदी सावकाश. मी त्याच्याकडे बघत राहिले. मग कारखान्यातून आवाज आला. मोठा नव्हता. पोतं फरशीवर टाकल्यासारखा. त्यानंतर भोंगा वाजला. बशोरतने पाळण्याचं टोक सोडलं आणि धावली. मी धावले नाही. माझ्या हातात दुसरं टोक होतं.

नंतर सगळ्यांनी सांगितलं ते असं. त्याने पाहुण्यांना दाखवायचं म्हणून ठरल्याच्या दुप्पट ताकद सोडायला लावली. तेल गप्प तापत गेलं. वीस मिनिटांनी तो झाकणाच्या खिडकीवर वाकला, आकडा वाचला, आणि पुन्हा वाचायला आणखी वाकला, छायाचित्रकाराने सांगितलं म्हणून. तळाशी बसलेलं पाणी एकदम वाफ झालं. झाकण उडालं आणि सगळं तेल वर आलं. पाहुण्यांपैकी कोणाला काही झालं नाही.

सातव्या दिवशी समितीने मला बोलावलं. तिघे होते, त्यांतला एक मॉस्कोच्या प्रयोगशाळेतून आलेला, बारीक, नम्र, चष्मा पुसत राहणारा. टेबलावर प्रस्तावाचा कागद होता. संचालक म्हणाले, "होसियत ओपा, तुम्ही सोळा वर्षं हा डबा सांभाळलात. कधी उसळला नाही. तुम्ही काही वेगळं करत होता का?" मी कागद मागितला. बोट ठेवून वाचला, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत. मला वेळ लागला. कोणी घाई केली नाही. मग मी कागद परत ठेवला आणि म्हटलं, "यात जे आहे तेच करत होते. यात जे नाही ते मला कसं ठाऊक असणार? मी डबे घासायचे." संचालकांनी मान खाली घातली. मॉस्कोवाल्याने मात्र वर पाहिलं, चष्मा हातातच होता, आणि तो माझ्या मनगटाकडे बघत होता. मी बाहेर आले. मला भूक लागली होती, तीही फार. फाटकासमोरच्या तंदूरवाल्याकडून मी मांस भरलेले दोन सोमसे घेतले आणि उभ्यानेच खाल्ले, चरबी हनुवटीवरून ओघळत होती, आणि मला वाटलं, आता पोट भरेल. भरलं नाही. तिसरा घेतला.

महिन्याभरात नवा कागद आला. मॉस्कोवाल्याने आपल्या प्रयोगशाळेत तेल तपासलं होतं. नव्या कागदात सातवी ओळ अशी होती: 'वापरण्यापूर्वी तेल ओलावा पूर्ण जाईपर्यंत तापवून घ्यावे.' खाली तीन सह्या. बशोरतला भेटायला गेले तेव्हा मी ती ओळ दालनातल्या सूचनांच्या फळ्यासमोर उभी राहून वाचली. बोट न लावता वाचली, कारण ती मला पाठ होती. बशोरत माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, "किती साधी गोष्ट हो ओपा. कोणाच्या लक्षातच आली नाही." मी तिच्याकडे बघितलं. तिच्या वेण्या तशाच होत्या, दोन्ही. म्हटलं, "हो ना." आणि पदराला हात गेला, सवयीने, आणि तिथे बांधलेलं काहीच नव्हतं.

मुख्य अभियंता योदगोर इस्मातोविच, वय त्रेपन्न, भाजलेल्यांच्या दवाखान्यात नऊ दिवस होते. ते २८ एप्रिल १९७७, गुरुवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी वारले.